कडीखालची फट

घर पाहावं बांधून, असं आपल्यात म्हणतात. पण दुसऱ्याच कुणी बांधलेलं, निम्मं पडलेलं, तेही परमुलखातल्या डोंगरावर, असं घर विकत घेऊन पाहावं की नाही, याबद्दल वाडवडिलांनी काही सांगून ठेवलेलं नाही. आणि ठेवलं असतं तरी सीलबंदानं ते ऐकलं नसतं.

सीलबंद हे त्याला कामावर पडलेलं नाव. परदेशात आल्यापासून तो शहरातल्या घरांना खिडक्या बसवत आला होता. दुहेरी काच, कडेनं रबरी पट्टी, वाऱ्याला शिरायला केसाएवढी वाट नाही. खिडकी बसली की तो उजव्या हाताची पालथी बाजू ओली करायचा आणि चौकटीच्या कडेकडेनं हळूहळू फिरवायचा. जिथे गार लागेल तिथे फट. आणि फट म्हणजे त्याची सात जन्मांची वैरीण. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी चहा घेता घेता याचा हात त्यांच्या दाराशी. त्याची बायको कपडे दुरुस्तीच्या दुकानात बसायची. कुणाची पँट आखूड कर, कुणाचा कोट सैल कर. तिथे येणाऱ्या आपल्याकडच्या पोरींनी तिला मावशी करून टाकलं, आणि मग ती सगळ्यांचीच मावशी झाली. शिवण उसवायची छोटी सुरी दोरीला बांधून कायम तिच्या गळ्यात. तो बुजवणारा, ती उसवणारी. तरी संसार झाला, आणि बरा झाला.

शहरातलं त्यांचं घर म्हणजे दीड खोली. एका भिंतीला पाठ टेकवली की समोरच्या भिंतीला पाय लागायचे. एकुलती एक लेक तिथेच वाढली आणि नोकरी लागताच वेगळी राहायला गेली. त्यात रागावण्यासारखं काही नव्हतं. पण पुढे ती आईबापांकडे यायची ती दुपारी जेवायला, आणि दिवेलागणीला परत. झोपणार कुठे? मावशीला हे फार लागायचं. लेकीनं यावं, चार दिवस राहावं, सकाळी उशिरापर्यंत लोळावं, एवढंच तिला हवं होतं, आणि तेवढंच कधी झालं नव्हतं.

तरीसुद्धा ते घर बघायला जाताना ती नाही म्हणायचं ठरवूनच गाडीत बसली. "दुरून डोंगर साजरे," हे ती प्रत्येक वळणावर म्हणाली, आणि वळणं पुष्कळ होती. शेवटी रस्ता संपला, गाडीही दमली, आणि समोर ते उभं होतं. उतारावर आडवं पसरलेलं लांबलचक दगडी घर. एका टोकाला चुलीचं स्वयंपाकघर, छप्पर मध्ये खचलेलं. दुसऱ्या टोकाला खाली बुटका गोठा आणि गोठ्यावर एक खोली. मागे डोंगर असा उभा की त्याचा माथा बघायला मान दुखेपर्यंत मागे करावी लागे.

मावशी आत गेली आणि तिनं भिंतीला हात लावला. खिडकीच्या कोनाड्यात पूर्ण हात घातला तरी बोटं बाहेरच्या कडेला पोचेनात, एवढी ती भिंत जाड. एकेक दगड दोन माणसांना न हलणारा. कुणी वर चढवले असतील हे? कशाच्या जोरावर? इथे यंत्र नाही, रस्ता नाही, वर्षातले कितीतरी महिने बर्फ. तरी त्यांनी दगडावर दगड ठेवला आणि तो अजून तिथेच आहे. शहरातल्या तिच्या घराची भिंत तर शेजाऱ्यानं खिळा ठोकला की इकडे टोक काढायची. तिला अगदी लहान झाल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटणं आवडलंही. नाही म्हणायचं ती तिथेच विसरली.

"काय म्हणतेस?" सीलबंदानं विचारलं.

"बोलू नका जरा," ती म्हणाली. "बघू द्या."

घर घेतलं. पदरी पडलं पवित्र झालं. शहरातली दीड खोली सोडली, सामान टेम्पोत घातलं आणि दोघं स्वयंपाकघरात चुलीजवळ गादी टाकून राहू लागली. मग खोदाई सुरू झाली. स्वयंपाकघराची जमीन उखडली, खचलेलं छप्पर उतरवून नवं चढवलं, भिंतींचा पोपडा खरवडला. चुन्याची धूळ भाकरीवर, धूळ पांघरुणात, धूळ डोळ्यांच्या पापण्यांवर. त्या टोकाचं काम उरकायला पुढचा उन्हाळा लागणार, हे सीलबंदालाही कबूल होतं. म्हणून दोघांनी गोठ्यावरची खोली आधी करायची ठरवली. ती खोली लेकीची. हे कुणी बोललं नाही, पण दोघांनाही ठाऊक होतं.

त्या खोलीचं खोटं छत त्यांनी ओढून काढलं तेव्हा वर एक जाडजूड तुळई निघाली आणि तुळईच्या मधोमध एक लोखंडी कडी. सीलबंद म्हणाला, हरणं-बिरणं टांगत असतील मारून. मावशी शिडीवर चढली आणि तिनं कडीत बोट घातलं. वरून कडी जाड, गंजलेली. खालच्या बाजूला मात्र आतून झिजून झिजून सुरीच्या पात्याएवढी राहिलेली, आणि तिथे हाताला गुळगुळीत.

"पाळणा," ती म्हणाली. "पाळण्याची कडी आहे ही. मेलेलं हरीण हलतं का इतकं?"

किती मुलं झोपवली की लोखंड असं झिजतं? शिडीवर उभ्या उभ्या तिच्या अंगावर काटा आला. ती खाली उतरली आणि तिनं खोलीत चारी बाजूंना पाहिलं. चूल नाही. शेकोटीची जागा नाही. धुराडं नाही, पूर्वी होतं अशी खूणही नाही. बाहेर डोंगर बर्फानं पांढरा होतो, आणि आत बाळं!

"अहो, इथे पोरं जगली कशी?"

"जुनी माणसं काटक होती," सीलबंद म्हणाला. ज्या प्रश्नाचं उत्तर येत नाही त्याला हे उत्तर नेहमी चालतं.

आणि तो खाली वाकला, कारण त्याला त्याची वैरीण दिसली होती. कडीच्या बरोबर खाली जमिनीच्या फळ्यांत फटी होत्या, बोट सहज जाईल अशा रुंद, आणि त्यातून खालचा काळोखा गोठा दिसत होता. वर तिकोनी भिंतीत, छपराच्या कडेशी, मूठ मावेल असं एक भोकही होतं. सीलबंदाचा चेहरा उजळला. त्यानं भोकात आधी चिंध्या आणि मग सिमेंट ठोसलं. फळ्यांच्या फटींत नळीतला रबरी मसाला असा काठोकाठ भरला की मुंगीला वाट राहिली नाही. खिडकीला नवी दुहेरी काच. जमिनीवर जाड गालिचा. मग ओल्या हातानं खोलीची प्रदक्षिणा केली आणि म्हणाला, "आता वारा आत आलाच तर मला विचारून येईल."

वारा आला नाही. थंडी मात्र आली, आणि विचारून आली नाही. ती भिंतींच्या पोटातच होती. सीलबंदानं विजेचा हीटर आणला. डोंगरापुढे पणती ठेवावी तसा तो एका कोपऱ्यात लाल होऊन बसायचा. दुसरा हीटर लावला की जुन्या तारा हाय खायच्या आणि अख्ख्या घराचा दिवा विझायचा. नाकापेक्षा मोती जड. तारा बदलणारा माणूस म्हणाला, आता बर्फाचे दिवस येतील, वर यायचं ते एकदम वसंतातच.

अशा वेळी लेकीचा फोन आला. तिला सहावा महिना चालू होता आणि जावई बोटीवर होता, मोठ्या मालवाहू बोटीवर, सहा सहा महिने समुद्रात.

"आई, मी बाळंतपण झालं की तुझ्याकडेच येऊ का गं? इथलं भाड्याचं घर सोडून देते मग. पण खरं सांग हं, ती वरची खोली उबदार आहे ना?"

मावशी त्या क्षणी त्याच खोलीत उभी होती. अंगात दोन स्वेटर, डोक्याला शाल, आणि तोंडातून निघणारी वाफ खिडकीच्या नव्या काचेवर धरत होती. आयुष्यात पहिल्यांदा लेक स्वतःहून विचारत होती, येऊ का.

"उबदार?" मावशी म्हणाली. "अगं, दुपारी तर शालसुद्धा नको वाटते."

खोटं बोलावं पण रेटून बोलावं. तिला वाटलं, अजून पुष्कळ वेळ आहे, तोवर होईल काहीतरी.

पण बाळानं आजीच्या सोयीची वाट पाहिली नाही. ते फार लवकर आलं, आणि फार लहान आलं. मावशी आणि सीलबंद शहरातल्या दवाखान्यात गेले तेव्हा नात काचेच्या पेटीत होती. तोंड लिंबाएवढं. हाताची बोटं तर मावशीला आधी दिसलीच नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळं ठीक आहे, फक्त वजन वाढू द्या आणि ऊब सांभाळा. ऊब हेच तिचं औषध. दोन-तीन आठवड्यांत घरी न्या.

मावशीनं तिथेच सांगायचं ठरवलं होतं. तोंडही उघडलं. तेवढ्यात लेक परिचारिकेला म्हणाली, "माझ्या आईचं दगडी घर आहे डोंगरात. वर एक छान उबदार खोली केलीये खास आमच्यासाठी." आणि ती इतक्या अभिमानानं हसली की मावशीनं उघडलेलं तोंड तसंच मिटलं. हे नुसतं खोटं राहिलं नव्हतं. आता त्या खोट्याच्या भरवशावर एक लिंबाएवढं तोंड डोंगर चढून येणार होतं, आणि लेकीचं शहरातलं भाड्याचं घरही सोडून झालं होतं. चुलीपाशी ठेवावं तर तिथे चुन्याची धूळ, मोठ्या माणसाला ठसका लागेल अशी. वर ठेवावं तर थंडी.

त्याच आठवड्यात बर्फ सुरू झालं. दिवसभर पडलं, रात्रभर पडलं, मग पुन्हा दिवसभर. असं बर्फ दोघांनीही पाहिलं नव्हतं. आवाज म्हणून नाही. कुंपण बुडालं, गाडी बुडाली, विहिरीचं तोंड बुडालं. घर मात्र हललं नाही, चुकून कुरकुरलंसुद्धा नाही. संध्याकाळी उजेड निळसर झाला तेव्हा दार वाजलं.

दारात वरच्या शेतावरची गाईवाली उभी होती. विधवा बाई, एकटी आठ-दहा गाई सांभाळायची. भुवयांवर बर्फ. तिथलीच भाषा, पण या दोघांना आता ती आपल्यासारखीच कळायची.

"माझ्या गोठ्याचं छप्पर बसलं," ती म्हणाली. "गाई वाचल्या. पण रात्र बाहेर काढायच्या नाहीत त्या. तुमचा गोठा रिकामा आहे."

सीलबंदानं बायकोकडे पाहिलं. गोठा रिकामा कुठे होता? त्याच्या काचा, चौकटी, रबराची भेंडोळी, सगळं तिथे. शिवाय वर लेकीची खोली.

"आणा," मावशी म्हणाली. "अहो, बघता काय? काचा हलवा."

मग त्या आल्या. मावशी कंदील धरून गोठ्याच्या दारात उभी होती आणि त्या एकामागून एक बर्फातून खाली उतरत होत्या, छातीपर्यंत बर्फ, पाठीवर बर्फ, आणि नाकातून पांढऱ्या वाफेचे लोट. केवढ्या होत्या त्या! चित्रातली गाय वेगळी, आणि कंदिलाच्या उजेडात अंगावर चालून येणारी गाय वेगळी. पहिली दारापाशी आली, थांबली, बुटक्या चौकटीखाली मान वाकवली आणि आत शिरली, जणू माहेरीच आली. तिच्यामागून बाकीच्या. भिंतीत लोखंडी गोल बसवलेले होते, ते कशाचे हे सीलबंदाला इतके महिने कोडं होतं. गाईवालीनं बघता बघता त्यांना दावी बांधली. गव्हाणीत गवत पडलं, आणि सगळा गोठा चघळायला लागला.

"वास येणार वर," सीलबंद कुजबुजला. मग स्वतःच्याच कामाची आठवण होऊन खूश झाला. "नाही यायचा म्हणा. मी बुजवलंय."

पुढचे दोन आठवडे गाईवाली सकाळ-संध्याकाळ येऊन धारा काढायची, शेण ओढायची, आणि यांच्या दारात दुधाची बरणी ठेवून जायची. बर्फ थांबलं. दवाखान्यातून फोन आला, बाळाचं वजन भरलं, रस्ता साफ झाला की या न्यायला.

त्या सकाळी मावशी फोन घेऊन वरच्या खोलीकडे गेली, गाई आल्यापासून पहिल्यांदाच. आज सांगायचंच, तिनं ठरवलं होतं. खोली थंड आहे, मी खोटं बोलले, तू येऊ नकोस. हे वाक्य ती जिन्याच्या प्रत्येक पायरीवर घोकत होती. दारात तिनं सवयीनं चपला काढल्या. खोलीत चपला घालून जायचं नाही, हे तिच्या हाडात होतं. पाय बधिर झाले तरी चालतील. गालिचा अजून दाराशी अपुरा पडत होता, तिथल्या उघड्या फळीवर तिनं अनवाणी पाऊल टाकलं. एरवी तिथे पाय टेकला की कळ पार मस्तकात जायची. आज गेली नाही.

आधी तिला वाटलं, पायच मेले. तिनं दुसरा पाय टाकला. मग वाकून हात ठेवला. मग गुडघ्यावर बसली, गालिचा धरून पार खिडकीपर्यंत गुंडाळत नेला, आणि खोलीच्या मधोमध दोन्ही तळवे जमिनीवर टेकवले.

फळी कोमट होती.

ती आडवी झाली. वय झालेली, जाडसर बाई, दोन स्वेटर घालून जमिनीवर पालथी झोपली आणि तिनं फळीला कान लावला. खाली रवंथ चालू होतं. आणि त्या आवाजाच्याही खाली श्वास, मोठे, सावकाश, एकीचा संपतो तोवर दुसरीचा. तिनं कूस बदलली तेव्हा डोळ्यांसमोर वर तुळई होती, आणि अगदी डोक्यावर ती झिजलेली कडी.

सगळं तिला एकदम कळलं. चूल नव्हती, कारण चूल खाली उभी असायची, चार पायांवर. या फटी कुणी आळसानं ठेवल्या नव्हत्या. कडीखाली मोजून ठेवल्या होत्या. गाई खाली उबेत, आणि त्यांच्या उबेत वर बाळं, एका पिढीमागून दुसरी, लोखंड झिजेपर्यंत. कुणाचंही नाव कुठे लिहिलेलं नाही. ज्यांनी हे बांधलं ती माणसं तिच्या कुणी नव्हती, तिची भाषा त्यांनी ऐकलीही नसेल. आणि तिच्या नातीची सोय मात्र करून गेली होती. मावशीला रडू फुटलं. दुःखाचं नव्हे, सुखाचंही नव्हे. एवढं मोठं काही समोर आलं की माणसाला दुसरं काय करता येतं?

मग तिनं गळ्यातली सुरी काढली. मसाल्याच्या कडेला टोक घातलं, शिवण उसवावी तशी अलगद ओढ दिली, आणि तो सगळा रबरी दोरा फटीतून सर्रकन निघून हातात आला. तिच्या तोंडावर ऊब आली. गवताची, दुधाची, आणि हो, शेणाचीसुद्धा. खोटं कशाला सांगा?

"अगं ए!" सीलबंद दारात उभा होता. "हे काय केलंस? इतक्या नळ्या रिकाम्या केल्या मी त्यात!"

"हात ओला करा."

"वेड लागलंय का तुला? घाण वर येईल. बाळ यायचंय इथे."

"अहो, हात ओला करा म्हणते ना."

बायको असा आवाज वर्षातून एखाद्या वेळीच काढायची. सीलबंदानं जीभ लावून हाताची पालथी बाजू ओली केली, कुरकुरत खाली बसला आणि हात फटीवर धरला. आयुष्यभर त्या हाताला फटीतून एकच गोष्ट लागत आली होती. तो तसाच राहिला. हात काढून त्यानं पुन्हा ओला केला, पुन्हा धरला.

"गरम आहे," तो म्हणाला.

"हो."

"खालून येतंय."

"हो."

"अगं, म्हणजे या गाई..." त्यानं वर कडीकडे पाहिलं, खाली फटीकडे पाहिलं, परत वर पाहिलं. तोंड उघडंच. "म्हणजे हे सगळं मुद्दाम?"

मावशीनं मान हलवली. त्यानं तिच्याकडे हात पुढे केला. तिला वाटलं उठवायला. त्याला सुरी हवी होती.

दुपारपर्यंत दोघांनी सगळ्या फटी मोकळ्या केल्या. रबराचा हा ढीग निघाला. संध्याकाळी खोलीत शाल काढून बसता येत होतं, आणि मावशीनं फोन केला तो वेगळाच. "या," एवढंच म्हणाली.

पण सुख इतक्या लवकर मिळत नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीची काच घामानं डबडबली होती, भिंतींवरून पाण्याचे ओघळ येत होते, गादीला ओल, आणि वासही साचून राहिलेला. ओलीत बाळ ठेवायचं म्हणजे थंडी परवडली. उद्या तर त्यांना आणायला निघायचं होतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं तर तो हसत होता.

"हे माझं काम आहे," सीलबंद म्हणाला. "असल्या रडणाऱ्या काचा मी जन्मभर पाहिल्यात. श्वास आत येतोय, पण त्यानं जायचं कुठे? त्याला वाट नको?" आणि त्यानं तिकोनी भिंतीकडे बोट केलं, जिथे त्याचं स्वतःचं सिमेंट अजून नवं दिसत होतं. "ती वाट होती. मी पहिल्याच दिवशी बुजवली. हात दाखवून अवलक्षण."

शिडी लावून त्यानं छिन्नीनं ते सिमेंट फोडलं, चिंध्या ओढून काढल्या. मग ओला हात तिथे धरून तो बराच वेळ शिडीवर उभा राहिला. खालून येणारी ऊब खोलीतून फिरून, दमून, ओल आणि वास घेऊन त्याच्या बोटांवरून बाहेर जात होती. बाहेर थंडीत त्या भोकातून वाफेची एक बारीक रेघ वर चढत होती. दुपारपर्यंत काच कोरडी झाली.

"घर श्वास घेतं गं," तो शिडीवरूनच म्हणाला. "एवढ्या खिडक्या बसवल्या मी लोकांच्या. हे कधी बघितलं नव्हतं."

नंतर तो खाली गेला. गाईवाली धार काढत होती. हा तिच्याजवळ घुटमळला, एका गाईच्या पाठीवर भीत भीत हात ठेवला आणि म्हणाला, "बाई, तुमच्या छपराची घाई नका करू. मी येतो मदतीला. पण सावकाश. थंडी जाऊ दे सगळी."

गाईवालीनं वर न बघता विचारलं, "वर बाळ यायचंय ना?" आणि धार काढत राहिली.

लेक आली ती उन्हं असताना. बर्फावर डोळे ठरत नव्हते. मावशीनं गाठोड्यासारखं बाळ छातीशी धरलं होतं, सीलबंद पुढे वाट दाबत चालला होता. वरच्या दारात लेकीनं बूट काढले, आईचीच लेक ती, आणि आत पाऊल टाकून थबकली. मग कोट काढला. शाल काढली. खोलीच्या मधोमध येऊन उभी राहिली.

मावशीला राहवेना. "हे बघ," ती म्हणाली, "मी फोनवर सांगितलं ना, तेव्हा ही खोली अशी नव्हती. मी खोटं बोलले. तुला बोलवायचं होतं म्हणून."

"माहितीये मला," लेक म्हणाली.

"काय माहितीये?"

"आई, फोनवर तुझे दात वाजत होते."

"मग तरी घर सोडलंस? एवढ्याशा जिवाला घेऊन आलीस?"

"तू शाळेच्या दिवशी सकाळी काय सांगायचीस? 'झालाय तुझा फ्रॉक, आंघोळ करून ये.' आणि मला न्हाणीत मशीनचा आवाज यायचा. फ्रॉक झालेला नसायचाच." लेकीनं बाळ आईच्या हातून घेतलं. "पण मी बाहेर येईपर्यंत व्हायचा. एकदाही उघडी गेले नाही मी शाळेत."

मावशीनं पदर शोधला, स्वेटरला पदर नसतो, शेवटी बाहीनंच डोळे पुसले.

पाळणा मावशीनं शिवून ठेवला होता, जुन्या कोटांच्या जाड कापडाचा, चार दोऱ्यांचा. सीलबंदानं तो कडीत अडकवला आणि आधी स्वतः लोंबकळून पाहिला, तेव्हा दोघी ओरडल्या. झिजलेल्या जागेतच दोर नेमका बसला. बाळाला आत ठेवलं. खाली एक गाय सावकाश हंबरली आणि लेकीनं दचकून विचारलं, "खाली कोण आहे?"

"आहेत," मावशी म्हणाली. "सगळ्या लेकुरवाळ्या. तुझ्यासारख्याच."

लेक जमिनीवर बसली, फटीवर हात धरून, आणि ऐकत राहिली. पाळणा हलला. बाळ झोपलं. खालचे श्वास चालू होते.

सीलबंद पाळण्याजवळ गेला. त्यानं उजव्या हाताची पालथी बाजू ओली केली, वाकला, आणि तो हात बाळाच्या नाकाशी धरला, अगदी हलकेच, अंगाला न लावता. कितीतरी वेळ धरला. मावशीला त्याचा चेहरा दिसत नव्हता, पाठ तेवढी दिसत होती.

"अगं," तो अगदी हळू म्हणाला, "इथूनही येतंय."